मूर्ती लहान, स्टाईल महान!

ठेंगणी, ठुसकी, टिंगू, लवंगी मिरची, छोटा पॅक... पाच फुटांच्या मुलीसाठी आपल्याकडे टोपणनावं कधी कमी पडत नाहीत. आणि कपडे? ते तर कायमच जास्त पडतात! जीन्स चार इंच पायाखाली, कुर्त्याची बाही बोटांच्या टोकापर्यंत, ड्रेसची कंबर आपली कंबर सोडून थेट हिप्सवर. मग ट्रायल रूमच्या आरशात आपण स्वतःला वरून खाली बघतो, एक उसासा टाकतो आणि निकाल लावतो, 'जाऊ दे, मला काही सूटच होत नाही!'

मैत्रिणींनो, आज हे वाक्य कायमचं बाद करायचंय. सूट होत नाही हे खरं, पण त्यात दोष आपल्या उंचीचा नाही, कपड्याच्या मापाचा आहे. तो नेमका कुठे चुकतोय हे एकदा कळलं, की अर्धं काम झालंच. उरलेलं अर्धं कोपऱ्यावरचे टेलरकाका करतील.

आधी थोडं गणित

फॅशनच्या दुनियेत आपल्याला एक गोड फ्रेंच नाव आहे, पेटीट. म्हणजे छोटी. अमेरिकेतल्या रेडिमेड कपड्यांच्या धंद्यात ५ फूट ४ इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या बाईला पेटीट म्हणतात. आता आपल्याकडे या. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांची सरासरी उंची भरली १५२ सेंटिमीटर. म्हणजे जेमतेम पाच फूट! थोडक्यात काय, तिथे ज्यांच्यासाठी वेगळं सेक्शन काढतात, त्या आपल्याकडे बहुसंख्य आहेत. लोकलच्या लेडीज डब्यात वरची कडी पकडायला टाचा उंच करणाऱ्या आपण एकट्यादुकट्या नाही, अख्खा डबा आपलाच आहे.

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. पेटीट म्हणजे बारीक नव्हे. पेटीटचा संबंध उंचीशी आहे, वजनाशी नाही. एक्स्ट्रा स्मॉल घेतलं की काम झालं असं आपल्याला वाटतं, पण रेडिमेड कपड्यात साइज बदलली की मुख्यतः घेर बदलतो. लांबी जवळपास तेवढीच राहते. म्हणजे एक्स्ट्रा स्मॉल हा उंच आणि सडपातळ मुलीचा कपडा असतो. आपल्याला हवा असतो तो खांद्यापासून छातीपर्यंत, छातीपासून कंबरेपर्यंत आणि कंबरेपासून गुडघ्यापर्यंत, असा प्रत्येक टप्प्यात थोडा थोडा आखूड. नुसता खालून कापून तो मिळत नाही.

अमेरिकेत ही मेख १९४० च्या दशकात हॅना ट्रॉय या डिझायनरने ओळखली. महायुद्धाच्या काळात सैन्यदलात भरती झालेल्या बायकांची मापं तिने पाहिली, आणि बऱ्याच जणींचा खांदा ते कंबर हा भाग बाजारातल्या कपड्यांपेक्षा आखूड असल्याचं तिच्या लक्षात आलं. पेटीट साइजेसचं श्रेय तिला दिलं जातं ते यामुळेच.

आपल्याकडे मात्र हा प्रश्न फारसा नव्हताच. आपल्या आया आणि मावश्या लक्ष्मी रोडवरून नाहीतर दादरच्या हिंदमाताहून कापड आणायच्या, गल्लीतला शिंपी टेप लावायचा आणि ब्लाऊज काय, पंजाबी ड्रेस काय, बरोब्बर अंगावर बसायचा. शिंप्याच्या वहीत 'शॉर्ट' आणि 'टॉल' हे कप्पे नव्हते, प्रत्येकीचं आपलं एक पान होतं. मग रेडिमेड आलं. १९९१ मध्ये अंधेरीत पहिलं शॉपर्स स्टॉप उघडलं, पुढे मॉल्स आले, २०१० मध्ये झारा आणि २०१५ मध्ये एच अँड एम. चॉइस वाढला, वेळ वाचला, मस्तच झालं. पण वहीतलं आपलं पान मात्र हरवलं.

भारतीय अंगलटीनुसार आपला स्वतःचा साइज चार्ट हवा म्हणून एनआयएफटीने 'इंडियासाइज' हा प्रकल्प हाती घेतला. सहा शहरांतल्या १५ ते ६५ वयाच्या सुमारे २५ हजार लोकांची मापं थ्रीडी बॉडी स्कॅनरने घ्यायची, असा त्याचा आराखडा. पण त्या चार्टप्रमाणे शिवलेला कुर्ता आपल्या हँगरवर लटकेपर्यंत काय करायचं? चला, टेप काढा!

कुर्ता : आकडा लेबलवर नाही, खांद्यापासून मोजा

पाच फूट उंचीच्या मुलीचा खांदा जमिनीपासून साधारण ४९ ते ५० इंचांवर असतो. दुकानात मिळणारा लाँग कुर्ता असतो ४६ इंच उंचीचा. करा वजाबाकी! तो कुर्ता आपल्या घोट्याच्या जरासा वर येऊन थांबतो. साडेपाच फुटांच्या मॉडेलवर तोच कुर्ता पोटरीवर संपतो आणि झक्कास दिसतो. फोटोत आणि आरशात जो फरक पडतो, तो हा असा चार-पाच इंचांचा असतो.

आपल्याला गुडघ्याच्या जरासा खाली संपणारा कुर्ता हवा असेल, तर त्याची उंची ३५ ते ३७ इंच पुरते. लांबच आवडत असेल तर अगदी घोट्यापर्यंतचा सरळ, एकरंगी कुर्ता घ्या. तोही छान दिसतो. फक्त पोटरीच्या सगळ्यात जाड भागावर संपणारी उंची टाळा. नजर नेमकी तिथेच अडते.

लांब कुर्त्याखाली घेरदार पलाझो घातला, की सगळीकडे कापडच कापड! साधा नियम लक्षात ठेवा : वर लांब, तर खाली निमुळतं. खाली घेर, तर वर आखूड. २००५ मध्ये 'बंटी और बबली' आला आणि राणी मुखर्जीच्या कॉलरवाल्या शॉर्ट कुर्त्या नि पतियाळा यांनी कॉलेजची कॉलेजं व्यापली, आठवतंय? अकी नरूलाने केलेल्या त्या कपड्यांमागचा फंडा हाच होता. पतियाळाचा घेर भरपूर, पण कुर्ती हिप्सवर संपायची. त्यामुळे अंगाचे दोन सारखे अर्धे भाग न होता वरचा छोटा आणि खालचा मोठा असा हिशेब जमायचा.

ओढणीचंही तसंच. अडीच मीटरची ओढणी म्हणजे जवळपास ९८ इंच. दोन्ही खांद्यांवरून सरळ पुढे सोडली तर एकेक टोक आपल्या बाबतीत पार घोट्यांशी लोळतं! म्हणून ती एका खांद्यावर घड्या घालून पिन करा, नाहीतर सरळ आखूड स्टोल वापरा.

जीन्स आणि ट्राउझर्स : गुडघा कुठे आहे?

बूटकटची जीन्स गुडघ्याशी सगळ्यात निमुळती असते आणि मग खाली पसरते. आपण ती खालून पाच इंच कापतो, तेव्हा दोन गोष्टी होतात. पसरलेला भागच कापला जातो, आणि जीन्सचा 'गुडघा' आपल्या नडगीवर येतो. मग जीन्स महाग असूनही काहीतरी बिनसल्यासारखं वाटत राहतं. म्हणून खूप कापावं लागणार असेल तर स्ट्रेट कट घ्या. त्याला गुडघा नसतो, त्यामुळे कितीही कापा, आकार बिघडत नाही.

आणखी एक झकास आयडिया. उंच मुलींची 'अँकल लेंग्थ' ट्राउझर आपली फुल लेंग्थ असते! क्रॉप टॉप आपल्याला बऱ्याचदा नॉर्मल टॉपसारखा बसतो, गुडघ्यापर्यंतचा ड्रेस मिडी होतो. लेबलवर काय लिहिलंय ते विसरा, आपल्या अंगावर ते कुठे संपतं ते बघा. एक पैसाही अल्टरेशनला न देता काम होतं.

किड्स सेक्शनचा सल्लाही बऱ्याच जणी देतात. टीशर्ट, स्वेटर, बिनबाह्यांचं जॅकेट यांसाठी ठीक आहे. पण शर्ट आणि ड्रेस जपून. मुलींच्या कपड्यांत छातीचे टक्स नसतात, त्यामुळे खांदा बसला तरी बटणं ताणली जातात. शिवाय बॉसपुढे बजेट मांडताना खिशावर ससा नको!

साडी : सगळ्यात समजूतदार कपडा

साडीला साइज नसते असं आपण म्हणतो. पन्हा मात्र असतो, साधारण ४५ ते ४७ इंचांचा. पाच फुटांच्या मुलीची कंबर जमिनीपासून सुमारे ३६-३७ इंचांवर. म्हणजे नऊ-दहा इंच साडी आपल्याला परकरात खोचावी लागते. साडेपाच फुटांच्या मुलीला पाच-सहा इंचच. हा जास्तीचा गोळा पोटावर जमतो आणि 'साडीत मी जाड दिसते' असं आपण समजतो. जाड आपण नसतो, तो गोळा असतो!

त्यावर उपाय सोपा आहे. नेसण्याआधी साडीची वरची कड तीन-चार इंच आत दुमडून इस्त्री फिरवा. गोळा सपाट होतो. निऱ्या बारीक आणि एकसारख्या घाला. परकर पोटाशी सपाट बसणारा, खाली फार घेर नसलेला हवा. कापड अंगाला धरून राहणारं निवडा. मऊ कॉटन, शिफॉन, क्रेप, माहेश्वरी हे सगळे आपले दोस्त. कडक ऑर्गन्झा किंवा जाड टिश्यू फुगते, ती जपून. आणि चपला आधी घाला, साडी नंतर. आधी साडी नेसून मग हील्स घातल्या, की साडी दोन इंच आखूड पडते ती याच एका गोष्टीमुळे.

काठाचं काय? रुंद काठाची पैठणी नेसूच नये असं मी मुळीच म्हणणार नाही, आजीची पैठणी कपाटात ठेवायला नसते! पण रोजच्यासाठी किंवा ऑफिसच्या फंक्शनसाठी घेताना दोन-अडीच इंचांपर्यंतचा काठ बघा. आठ इंचांचा काठ आपल्या पायाचा चौथा हिस्सा खाऊन टाकतो. लता मंगेशकरांची साडी आठवा. छोटी चण, पांढरी साडी आणि रंगीत काठ. सगळी नजर सरळ चेहऱ्याकडे जायची.

पट्ट्या आणि प्रिंट्स : जरा सायन्स

'उभ्या रेघा घाल, उंच दिसशील.' हा सल्ला प्रत्येकीने किमान एका काकूकडून ऐकलेला असतो. गंमत अशी, की जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६७ सालीच उलटं दाखवून ठेवलंय. एकाच मापाचे दोन चौकोन घ्या, एकात आडव्या रेघा, एकात उभ्या. आडव्या रेघांचा चौकोन आपल्या डोळ्यांना जास्त उंच वाटतो, उभ्या रेघांचा जास्त रुंद! २००८ मध्ये इंग्लंडच्या यॉर्क विद्यापीठातल्या पीटर थॉम्प्सन यांनी हाच प्रयोग ड्रेस घातलेल्या बायकांच्या चित्रांवर केला, आणि आडव्या पट्ट्यांमुळे बाई जाड दिसते या समजुतीला धक्का दिला.

म्हणून लगेच एफसी रोडवर जाऊन आडव्या पट्ट्यांचे सहा टीशर्ट उचलू नका. मुद्दा एवढाच, की काकूंचा प्रत्येक नियम कोरीव लेख नसतो. पट्टी आडवी की उभी यापेक्षा ती केवढी आहे ते बघा. छोट्या अंगावर छोटी डिझाइन्स शोभतात. ताटाएवढं फूल असलेला प्रिंट आपल्या टॉपवर एकदाच मावतो, आणि तेही अर्धंच. बारीक बुट्टे, पातळ पट्ट्या, कलमकारीची नाजूक वेल यांना आपल्या अंगावर पूर्ण उमलायला जागा मिळते.

आणि सगळ्यात खात्रीचा उपाय, एक रंग. कुर्ता आणि सलवार एकाच रंगाच्या छटांमध्ये, चप्पल पायाच्या रंगाला जवळची. मध्ये कुठे कंबरेवर भडक पट्टा नाही, घोट्यावर जाड स्ट्रॅप नाही. नजर अडत नाही, सरळ वाहते. रंगाची हौस कानातल्यांवर, ओढणीवर भागवा.

ऑफिसमध्ये : 'मॅडम कुठे आहेत?'

आता खरी दुखरी नस. माझी एक मैत्रीण, उंची ५ फूट १ इंच, एका आयटी कंपनीत टीम लीड आहे. नऊ जणांची टीम तिच्या हाताखाली. क्लायंट येतो, तिला बघतो आणि विचारतो, 'मॅडम कुठे आहेत?' एकदा तर तिला विझिटर्सना पाणी द्यायला सांगितलं! सीनियर दिसावं म्हणून ती मोठाले, भारदस्त ब्लेझर घ्यायला लागली. झालं उलटंच. खांदे दंडावर उतरलेले, बाह्या पंजावर, आणि ती अजूनच लहान, दादाचा कोट घातल्यासारखी.

ब्लेझरचा नियम एकच : खांदा. बाही आखूड करता येते, कंबर आत घेता येते, पण खांदा बदलायचा म्हणजे अख्खी बाही उसवून मुंढा नव्याने कापायचा. ते काम महाग आणि जोखमीचं. म्हणून खांद्याची शिवण आपल्या खांद्याच्या हाडावर बसते का ते आधी बघा. बसत नसेल तर सेल कितीही मोठा असो, हँगरला परत. उंची हिपच्या हाडापर्यंत, बाही मनगटाच्या हाडापर्यंत, बटण एक किंवा फार तर दोन.

मैत्रिणीने शेवटी तीन ब्लेझर देऊन टाकले आणि एकच घेतला, खांद्याला बसणारा. बाकी अल्टर करून घेतला. क्लायंट एका रात्रीत सुधारले का? छे! अजूनही एखादा विचारतोच. पण पूर्वी ती प्रेझेंटेशन देताना दर दोन मिनिटांनी बाही वर सारायची, ते थांबलं. हात मोकळे झाले आणि सगळं लक्ष स्क्रीनवर गेलं. नीट बसणाऱ्या कपड्याचं मोठं सुख काय असेल, तर तो अंगावर आहे हे विसरता येतं.

बॅगही तपासा बरं का. लॅपटॉप बॅगचा बंद एवढा लांब असतो की ती चालताना मांडीवर आपटते. बंद आखूड करून बॅग हिपपाशी आणा. दिसायलाही बरं आणि खांद्यालाही!

टेलरकाकांशी दोस्ती

पेटीट मुलीचा सगळ्यात मोठा स्टायलिस्ट मॉलमध्ये नसतो. तो नाक्यावर, जिन्याखालच्या मशीनवर बसलेला असतो. त्यांच्याकडे जाताना :

* कॉटन कपडा आधी धुवा, मग अल्टर करा. नाहीतर पहिल्या धुण्यात तो अजून आटतो.
* पँटची उंची ठरवताना रोज वापरता तीच चप्पल पायात हवी. फ्लॅट्सची पँट आणि हील्सची पँट वेगळी.
* जीन्स आखूड करताना मूळ कड कापून परत जोडायला सांगा. केलेलं काम कळतही नाही.
* खाली बॉर्डर असलेला अनारकली किंवा घागरा खालून कापू नका. कंबरेच्या जोडातून वर उचलून घ्या, बॉर्डर शाबूत राहते.
* ड्रेसची कंबर खाली येत असेल, तर तो खांद्याच्या शिवणीतून थोडा वर घेता येतो का ते विचारा. गळा आणि मुंढाही त्यासोबत वर येतात.
* अल्टरेशनचे पैसे कपड्याच्या किमतीत आधीच धरा. मग 'स्वस्त' कुर्ता किती स्वस्त ते लगेच कळतं.

आणि एक पान पुन्हा आपल्या नावाचं करा. खांदा, बाही, खांदा ते कंबर, खांदा ते गुडघा, कंबर ते घोटा. ही पाच मापं इंचांत मोजून मोबाइलमध्ये सेव्ह करा. ऑनलाइन ऑर्डर देताना मॉडेल नका बघू, कपड्याच्या मापाचा तक्ता उघडा आणि ताडून पाहा. परत पाठवायची निम्मी पार्सलं तिथेच वाचतील.

जाता जाता एक सांगते. पेटीट मुलींसाठीच्या बहुतेक टिप्स एकाच वाक्यावर येऊन थांबतात : उंच कसं दिसावं. मला विचाराल तर उंच दिसायची सक्ती कुणी केलीय? हौस म्हणून हील्स घाला, जरूर घाला. पण आठ तासांचं ऑफिस, त्यात दोन लोकल आणि एक रिक्षा हे सगळं पेन्सिल हील्सवर करायचं, कारण आपण पाच फुटांच्या आहोत? नको रे बाबा! आपल्याला उंच नाही, नीट दिसायचंय. कपड्यात हरवलेली नाही, कपड्यात शोभणारी मुलगी दिसायचंय. आणि त्यासाठी लागतो एक टेप, पाच आकडे आणि बरोब्बर जागी मारलेली एक शिवण.

तर मग, या वीकएंडला कपाट उघडा, 'मला सूट होत नाही' म्हणून मागे ढकललेले तीन कपडे बाहेर काढा आणि टेलरकाकांकडे घेऊन जा. त्यातला एक तरी सोमवारी अंगावर दिसलाच पाहिजे, काय?